फणीची घरं

मे महिना. पाचपावलीत दुपारी एक वाजता
कुत्रीसुद्धा नालीच्या कडेकडेनं सावली शोधत चालतात.
धकाते काकांच्या दारात स्कूटर लावली,
हेल्मेट काढलं तर केस निथळत होते.
आत कूलर, आणि कूलरच्या वाऱ्यात
पिवळी पडलेली ती पेटी,
पडद्यावर वीस वर्षांपासून तीच हिरवी टेकडी, तेच निळं आभाळ.

"बदलून टाका," मागच्या वर्षीही म्हटलं होतं मी.
"बदलतो ना बाप्पा. पण नव्यात हे चालन का?"
हे, म्हणजे पुठ्ठे वाचायचं यंत्र.
दोरीत ओवलेले भोकांचे पुठ्ठे, उंदरांनी कोपरे खाल्लेले;
एकेका माळेत एकेक काठ, एकेक पदर,
करवतीचे दात, रुईची फुलं,
आणि एक असा काठ, ज्याचं लुगडं आता कुणाच्याच पेटीत नाही.
यंत्राची कंपनी बुडाली.
तिचं कार्ड ओळखणारी जगात ही एवढीच पेटी.

नातीनं सीताबर्डीहून डिस्क आणली होती. तीन टीबी.
लावली. पेटी म्हणाली:
सातशे सेहेचाळीस जीबी.
"बाकीची कुठं गेली?"

मी सांगत गेले.
काका, ह्याला घरं मोजता येतात
चारशे एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख
सदुसष्ट हजार दोनशे शहाण्णव.
एका घरात पाचशे बारा अक्षरं.
त्याच्यापुढं ह्याच्याजवळ आकडाच नाही,
मग पुन्हा शून्यापासून.
मोजून झालेल्या दोन टीबी विसरून जातो,
वर उरलेलं तेवढं सांगतो.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत.
"गंगाराम उस्ताद असेच झाले होते," म्हणाले मग.
"लकवा मारला, अन् चाळीस वर्षं गेली.
शेवटच्या दोन मागांचं तेवढं बोलत राहत."

तीनदा डिस्क पुसली. तुकडे करून पाहिले.
दोनदा पडदा निळा पडला,
एकदा काळा, आणि त्या काळ्यात
माझाच घामेजलेला चेहरा.
मग लाइनच गेली.

पुठ्ठ्याच्या फडक्यानं वारा घेत बसलो.
काकांनी भिंतीवरची फणी काढली, मांडीवर आडवी धरली.
"हे पाय. घरं किती? ठरलेली. वाढत नाहीत.
पण दाट कापड पाहिजे, तर काय करतो आम्ही?
एका घरात एक दोरा नाही ओवत.
दोन ओवतो. चार ओवतो.
फणीले सांगायचं काम नाही.
ते आपली घरं मोजून राहिली."

मी उठलेच.
दुकानात खालच्या खणात एक डबा पडून होता,
कुण्या गिऱ्हाइकानं कधीच न नेलेला.
डिस्क त्याच्या पोटात बसवायची, वायर पेटीला;
मध्ये बसून तो एवढंच करतो,
पाचशे बाराऐवजी
चार हजार शहाण्णव अक्षरांचं एक घर दाखवतो.
पेटीला कुणी काही शिकवत नाही.
तिची मोजणी तीच.

साडेसातला लाइन आली, मीही आले.
पेटीनं कुरकुर केली, थांबली,
एक नवीन खूण उगवली पडद्यावर:
दोन पॉइंट बहात्तर.

काकांनी खोका उलटा करून पाहिला.
"यावर तर तीन लिहिलं आहे."
विकणाऱ्याचा हजार वेगळा, काका,
मशीनचा हजार एक हजार चोवीसचा.
"हो. कापडबी धुतलं का आटतेच," ते म्हणाले,
आणि पहिल्यांदा हसले.

पहिली माळ यंत्रात घातली.
खटक, खटक, पुठ्ठा सरकला.
पडद्यावर काळे-पांढरे ठिपके, ओळीवर ओळ,
अजून काठ दिसत नव्हता.
खाली लिहून आलं: अकरा मिनिटं शिल्लक.
मग: चाळीस. मग: सहा.
"याले कोणी मोजायला शिकवलं?" काका म्हणाले,
आणि खुर्ची आणखी जवळ ओढून बसले.