बस्ता

लग्नाचा नव्हे, तलाठ्याचा.
तांबड्या खारव्यात बांधलेला,
आत खासरा, पहाणी, उर्दूतले पिवळे दाखले
आणि वाळवीने खाऊन सोडलेली जागा.
औशाकडच्या सज्जात असे एकशे बारा होते.
वाचायचे वडील. बांधायचा-सोडायचा मष्णाजी.

मष्णाजी कोतवाल. सही म्हणजे अंगठा.
वडील नुसतं म्हणत, "सारोळ्याचा काढ,"
आणि त्याचा हात अंधाऱ्या फळीवर फिरे,
नेमका तोच निघे.
कसं कळतं रे? मी विचारलेलं, दुसरीत असेन.
"गाठीवरनं, माय. परत्येक गाठ येगळी मारतो मी."

आज तो माझ्या भिंगाखाली आहे.
लातूर, तिसरा मजला, लाईट गेलेली,
इन्व्हर्टर कण्हतोय.
काचेवर जांभळ्या रंगात न्हालेल्या पेशी,
पोरसवदा, डोक्याने जड,
मोठं व्हायचं विसरलेल्या.
शंभर मोजल्या. सव्वीस तशा.
परत मोजल्या.
सत्तावीस.

दप्तर सगळ्यांचं एकच असतं,
हे मी डीएमएलटीच्या पोरींना दरवर्षी सांगते.
तांबडी पेशी, पांढरी, प्लेटलेट,
अक्षर न् अक्षर तेच.
फरक एवढाच, कुणासाठी कुठला बस्ता सुटला
आणि कुठला फळीवरच राहिला.
तांबडी तर शिकून झालं की दप्तरच भिरकावते,
रिकाम्या अंगाने श्वास वाहते
चार महिने.

गाठी सोडतात ती विकरं.
वाचता त्यांनाही येत नाही.
एक विकर पानावर शेरा चिकटवतं,
एक कार्बन, तीन हायड्रोजन, बस,
की पान मिटलं.
दुसरं मागून येतं, शेरा पुसायला घेतं.
मजकुराला कुणी हात लावत नाही.

पुण्याहून अहवाल आला: पुसणारंच मोडलंय.
नाव टेट-टू. त्याच्या स्वतःच्या पानावर फेरफार.
फेरफार!
कुणी मेलं, भाऊ वेगळे निघाले,
की वडील निळ्या शाईने लिहायचे तो शब्द.
हसू नाही आलं. पण शब्द तरी
घरातला निघाला.
वय झालं की पुष्कळांच्या रक्तात असं होतं,
सगळे आजारी पडत नाहीत.
हाच का पडला, ते अहवालात नाही.

"काय बघलालीस माय?"
दारात उभा. चौऱ्याहत्तर वर्षं,
मनगटावर न आपटता उठलेले जांभळे डाग.
सांगितलं, जमेल तसं:
आतला कोतवाल आजारी आहे,
गाठी सुटेनात.
तो बराच वेळ कॅलेंडरकडे बघत राहिला.
"मंग त्या मारल्या कुनी?"

कुणीच नाही, म्हणाले मी.
ते खरंही होतं, आणि उत्तर नव्हतं.

महिन्यातून सात दिवस पोटाच्या कातडीत सुई.
औषध शेरे पुसतं,
आंधळं, हवे-नको सगळेच.
काहींना लागू पडतं. काही काळ.
त्याने विचारलं नाही किती,
मीही रकाना कोराच ठेवला.

दुसऱ्या फेरीच्या चौथ्या दिवशी
टेबलावर गाठोडं ठेवून गेला, न बोलता.
सीताफळं असावीत, वास तसा.
गाठ त्याची. ओळखीची नाही मला,
मी वाचणाऱ्याची मुलगी.
नखं लावून पाहिली. कात्री उचलली,
परत ठेवली.
सेंट्रिफ्यूज थांबल्याची शिट्टी झाली,
काढायला हव्यात नळ्या,
आणि फळं तर
उद्यापर्यंत पिकून फुटतील.