रकाना नववा

ठाण्यातून कागद आला तेव्हा मी लाखोळी पाखडत होते.
शिपाई म्हणाला, पाटीलबाई, सही पाहिजे,
उद्या साहेब जिल्ह्याला जातात.

अर्जदार: भाऊलाल सोमाजी पटले, मौजा मोहटोला.
शस्त्र: एकनळी, बारा बोर.
कारण: पीक संरक्षण.

कारण खोटं नाही.
मी पाहिलंय त्याचं पोटरीतलं धान,
डुकरांनी लोळून चटई केलेलं,
आणि धुऱ्यावर टिनाचा डबा बडवत
रात्र काढणारा भाऊलाल.
सकाळी घसा बसलेला, बोटं सुजलेली.

रकाना सातवा: गुन्हे दाखल आहेत काय?
ठाण्यानं लिहिलं, निरंक.
काय स्वच्छ शब्द आहे,
सारवलेल्या अंगणासारखा.
सारवण कुणी घातलं ते मला माहीत.

सात वर्षांमागे याच धुऱ्याच्या वादात
त्यानं टेकचंदवर, सख्ख्या भावावर,
कुऱ्हाड चालवली.
बसली ती मोहाच्या बुंध्यात,
कारण टेकचंद तेवढ्यात खाली वाकला होता
चपलेतला काटा काढायला.
एका बाभळीच्या काट्यावर माणूस जगला.

रात्री बैठक भरली. चहा झाला.
मीच म्हटलं, ठाण्यात कायले जाता जी,
घरचं घरातच मिटवा.
नेमणुकीला चारच महिने झाले होते माझ्या,
रजिस्टर कोरं ठेवायचं होतं.
कोऱ्या रजिस्टरची शाल मिळाली तालुक्याला.
पेटीत आहे. अंगावर घेतली नाही कधी.
मोहाची खाच भरत आलीय,
तरी बोट घातलं तर
दुसऱ्या पेरापर्यंत जातं.

रकाना नववा: अर्जदाराचा स्वभाव.
जागा एक ओळ.

विचारत फिरले.
शेजारी म्हणाला, चांगला आहे जी.
दुकानदार म्हणाला, उधारी फेडते.
कौतिका, त्याची बायको, म्हणाली,
त्याइचं तुम्हीच लिवा,
आणि बोलता बोलता
कोपऱ्यातली कुऱ्हाड
पायानं खाटेखाली सरकवली.

परवा मंडईत त्यानं फुगे फोडले,
वीस रुपयांत सात छर्रे, सातही बसले.
पोरांनी टाळ्या दिल्या, तो लाजला.
फुगेवाल्यानं नाव विचारलं नाही, ते ठीक.
पण दंडारीच्या मांडवामागं एक जण बसतो
गोणपाटात भरमार गुंडाळून,
तोही विचारत नाही.
नोटा मोजतो, थुंकी लावून.
सगळं गाव त्याला ओळखतं
आणि सगळं गाव म्हणतं, आपल्याले काय करायचं?
मी नकार लिहिला तर
भाऊलालची वाट तिकडूनच जाते.

रात्रभर हेच. दिवा विझवला, पुन्हा लावला.
तो भला आहे, हे खरं.
कुऱ्हाड खरी.
काटा नसता तर आज हा कागदही नसता,
हेही खरंच की.

सकाळी शिपाई म्हणाला, बाई, ओळ एकच आहे.
मी पान उलटवलं.
मागं लिहिलं: दिनांक, जागा, मोहाचं झाड,
साक्षीदार मी स्वतः,
लपवणारीही मी स्वतः.
मग दुसरा कागद मागितला
आणि त्यावर गोणपाटवाल्याचं नाव टाकलं,
बापाच्या नावासकट.
शिपायानं दोन्ही वाचले. टोपी घातली. चहा तसाच राहिला.

भाऊलाल आता रामराम घेत नाही.
वनखात्याच्या भरपाईचा अर्ज भरून
त्याच्या दाराच्या कडीला अडकवला मी,
चार दिवस झाले, तिथंच फडफडतोय.
डुकरं काल पुन्हा आली.
डबा माझ्या अंगणापर्यंत ऐकू येतो,
थांबला की मी उठून बसते.

आज टेकचंद दारावरून गेला.
बोलला काहीच नाही.
फाटकाशी थांबून चप्पल काढली,
तळवा निरखून पाहिला,
पुन्हा घातली, आणि गेला.