एकोणीस थेंब

हिचिनचं पाणी जड.
किटलीच्या तळाला चुन्याची पापडी,
तूरडाळ दोन शिट्ट्या जास्त मागते,
आणि न्हाऊन आलं की केस हाताला लागतात
दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे.

या गावाखाली सगळा खडू आहे,
मिस्टर हॅलम एकदा कुंपणावरून म्हणाले होते.
पाऊस त्यातून झिरपतो
आणि येताना थोडा थोडा घेऊन येतो.

आता ते केअर होममध्ये,
आणि त्यांची शंभर लिटरची टाकी माझ्या जिन्याखाली.
अठरा कार्डिनल टेट्रा,
एक काळं ओबडधोबड लाकूड,
आणि एक वही: बारा वर्षांचे आकडे.
शेवटच्या पानांवर हात कापलेला.
सात आहे की एक, कळत नाही.

नळीत पाच मिली पाणी.
थेंब टाकायचा, हलवायचं, मोजायचं,
केशरीचं हिरवं होईपर्यंत.
सहा. नऊ. चौदा.
निहार म्हणाला, आई, बाटली संपेल.
एकोणीस.
आणि पीएच आठ पॉइंट दोन.
मासे लाकडामागे, पंख मिटून,
ओळखीचं कुणीच नसलेल्या लग्नात बसावं तसे.

दुकानातून पीएच उतरवायची बाटली आणली.
झाकणभर. संध्याकाळी सात, मी खूश.
सकाळी पुन्हा आठ पॉइंट दोन.
ये रे माझ्या मागल्या.
पुन्हा झाकणभर, पुन्हा सात, पुन्हा आठ.
तिसऱ्या दिवशी दोन मासे वर तरंगत होते.
या गावात आम्लाचीही डाळ शिजत नाही.

गुरुवारी भेटायला गेले. कबूल केलं.
ते बराच वेळ ब्लँकेटची किनार चाचपत राहिले.
मग म्हणाले,
चुना आहे तोवर पाणी हट्ट सोडणार नाही.
आधी तो कमी कर, आकडा आपसूक उतरेल.
आणि सावकाश. मासा आकड्याने मरत नाही गं,
उडीने मरतो.
मग विचारलं, टाकीत तू काय ठेवलंयस?

काही नाही, म्हणाले.

शिंपले ठेवले होते.
आंजर्ल्याचे, लोणच्याच्या बरणीतून आणलेले,
सोळा वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीत.
टाकी बोडकी दिसत होती, म्हणून.
घरी येऊन एक बाहेर काढला,
त्यावर चमचाभर व्हिनेगर सोडलं.
फसफसला.
कानाशी नेला तर आत समुद्र नव्हता,
चुना बारीक आवाजात विरघळत होता.

सगळे काढले. पुसले. परत बरणीत.

शेडच्या पन्हळीखाली पिंप लावलं.
दर रविवारी एक बादली टाकीतली बाहेर,
एक बादली पावसाची आत;
आदल्या रात्री ती रेडिएटरजवळ ठेवायची,
पाहुण्याला पांघरूण द्यावं तशी.
आणि पानं मागवली, बदामाची.
दहा पानं साडेपाच पौंड,
पाकिटावर लिहिलेलं: हाताने निवडलेली.
चिपळूणच्या शाळेत उशिरा आलं की
हीच लाल पानं झाडायची शिक्षा असायची.
पोतीच्या पोती भरून जाळायचो.
निहारला सांगितलं.
तो म्हणाला, म्हणजे तुम्ही खूप श्रीमंत होता.

पान दोन दिवस तरंगतं,
मग एका बाजूने बुडतं.
पाण्याला कोऱ्या चहाचा रंग चढतो.

सतरा. पंधरा. चौदा.
एका रविवारी पाऊसच नव्हता, तो सोडला.
बारा. अकरा. दहा.
सोळा मासे लाकडाबाहेर आले,
सगळे एकदम नाही.

काल नऊ थेंबांत हिरवं झालं.
किटलीत पापडी आहेच, ती राहणार.
वही उघडली, त्यांच्या शेवटच्या ओळीखाली
तारीख घातली, नऊ लिहिलं,
आणि पीएचच्या रकान्यात सात.
माझ्या साताला मी पोटात आडवी रेघ देते,
पुढच्या कुणाला तो एक वाटू नये.