एकेचाळिसावं पान

ही गोष्ट माझी नाही.
नार्व्याच्या फेरीत, इंजिनाच्या धडधडीवर ओरडून
म्हातारे पाद्री बेनेदित मला सांगत होते,
आणि दिवाडीचा धक्का लागला तेव्हा
ती अर्धीच झाली होती.
उरलेली परतीच्या फेरीला.

आयर्लंड नावाचा देश, हजार-बाराशे वर्षांमागं.
(आमच्या शाळेच्या नकाशावर तिथं वाळवी लागली आहे.)
रानात एक संत राहायचा. त्याच्याकडं काही नव्हतं,
एक कोंबडा, एक उंदीर, एक माशी.
कोंबडा पहाटे प्रार्थनेला उठवी.
पुन्हा डोळा लागला तर उंदीर कान कुरतडी.
आणि माशी
तो पोथी वाचे त्या ओळीवरून चालत जाई,
कुणी हाक मारली, तो उठून गेला,
की तिथंच बसून राही
जिथं तो थांबला त्या शब्दावर.

तिसरीचा वर्ग. सतरा मुलं. गणपतीआधी अठरा.
घरोघर माटोळी उतरली त्या आठवड्यात
सुलक्षाला ताप आला,
बांबोळीला नेली,
आणि महिन्यानं तिची आई दप्तर घेऊन शाळेत आली.
'पुस्तकं सरकारची,' म्हणाली, 'कुणाला तरी होतील.'
मी ती कपाटात ठेवली.
क्रमिक पुस्तकात यावर धडा नाही.

म्हणून गोष्ट.
सगुण कधी नव्हे तो खिडकीकडं न बघता ऐकत होता.
दोघं एका बाकावर बसायची. खोडरबर एकच,
ब्लेडनं मधोमध कापलेलं,
तरी कुणाचं मोठं यावरून भांडायची.

'मागीर?' तो म्हणाला.
मग कोंबडा मेला. मग उंदीर. मग माशी.
'तिघंही?'
तिघंही.
संतानं समुद्रापलीकडच्या मित्राला पत्र लिहिलं, रडून.
मित्र मोठा ज्ञानी. त्यानं उलट कळवलं,
भावा, तुझी संपत्तीच फार झाली होती.
जिथं धन, तिथं दुःख.

पाद्री इथं हसले होते. मीही.
वर्गात कुणी हसलं नाही.
सगुण उभा राहिला. 'बाई, त्याचा मित्र वायट.'
वाईट नव्हे रे, शहाणा, मी म्हणत होते,
तर तो म्हणाला,
'माशी मेली ती कुठल्या शब्दावर?'

सुट्टीत त्यानं मला कपाट उघडायला लावलं.
सुलक्षाच्या पुस्तकात केरसुणीची काडी होती,
पान एकेचाळीस,
आणि पेन्सिलीची रेघ, अर्ध्या ओळीपर्यंत आलेली,
'होडी' या शब्दाखाली जरा जाड.

त्यानंतर चार दिवस वर्ग एकेचाळीसवर.
मी पान उलटू लागले की तो नुसता बघायचा.
भागशिक्षणाधिकारी आले, म्हणाले, एवढं मागं कसं?
उजळणी चालू आहे, मी म्हटलं.
खोटंही नव्हतं ते. पान सगळ्यांना पाठ झालं होतं,
मागच्या बाकावरच्या मुक्या केसरीचे ओठसुद्धा हलायचे.

शुक्रवारी तो माझ्या टेबलापाशी आला,
तिचं पुस्तक घेऊन.
डाव्या हाताचं बोट 'होडी'वर ठेवलं
आणि उजव्या हातानं पान उलटलं.
बोट आतच. पान त्याच्यावर फुगून राहिलेलं.
'वाचा,' म्हणाला.

मी वाचत गेले, बेचाळीस, त्रेचाळीस.
त्याला अवघड जात होतं. पुस्तक घसरत होतं,
एकदा हनुवटीनं धरलं.
मी मदत केली नाही.

सोमवारी फेरीत पाद्री भेटले.
मी विचारलं, कुठल्या शब्दावर?
नदी ओलांडेपर्यंत ते काही बोलले नाहीत.
माणसं उतरली, स्कूटर उतरल्या, मासळीची पाटी उतरली.
'लिहिलेलं नाही,' म्हणाले,
आणि मग, चष्मा पुसत,
'कुणी विचारलंच नव्हतं.'