बत्तीस डब्या

वेंगुर्ल्याला परुळेकरांच्या रोपवाटिकेत
एकवीस वर्षं मी कलमांच्या चिठ्ठ्या लिहिते.
म्हणून मेघश्यामने माझ्यापुढे डब्या मांडल्या,
औषधाच्या, झाकणाला सुईची भोकं.
"मावशे, तुझा अक्षर बरा. हेंच्यार नाव लिवन दी."

आत टॅरंटुलाची पिल्लं,
भाताच्या शिताला आठ पाय फुटावेत तशी.

आई आंबोलीखालच्या दरडीतली,
खराट्याच्या काडीने डिवचून बाहेर काढलेली.
बाप घाटावरचा. एसटीच्या पार्सलने आला,
थर्माकोलात, ओल्या कापसावर.
घाटावरचा जावई म्हटलं की आमच्याकडे
अजून भुवया चढतात, त्यात हा केसाळ.

तीन रात्री तो काचेवर बोटं वाजवत होता.
तीन रात्री ती ऐकत होती.
मधे डोंगर नव्हता.
डोंगर मेघश्यामने उचलून बाजूला ठेवलेला,
श्रीखंडाच्या डब्याचं झाकण ठेवावं तसा.
चौथ्या दिवशी बापाचे नुसते पाय उरले.

मी म्हटलं, कलमात खालचा रायवळ खालीच राहतो,
वरचा हापूस वर.
पट्टीआड दोघं आपापलं नाव राखून जगतात.
हे तसं नाही रे, हे मिसळलं.
"संकराचे आंबे पण ह्याच गावात झाले.
तेंका तू हात जोडतंस."
खरं आहे. पण त्यांची वही आहे,
कुठला मोहोर, कुणाचा पराग, तारीख.

"आईचाच नाव लिव. बापाशीचा कोण इचारता?
संकर लिवलंस तर कोण घेवचो नाय."

नाशिकचा कुणी पोरगा हे अस्सल म्हणून घेईल,
अस्सलाशी जुळवेल, पुढे विकेल.
आणि दरडीतली खरंच संपली त्या दिवशी
लोक म्हणतील, आहेत की डब्यांतून.

हे मी त्याला सांगितलं नाही.
कारण एका जूनमध्ये, शेठनी सांगितलं म्हणून,
चाळीस रायवळांवर मी 'हापूस' लिहिलंय.
सात वर्षांनी कुडाळचा एक माणूस आला,
एक फळ टेबलावर ठेवलं
आणि काही न बोलता गेला.
आंबट वास दुपारभर हलला नाही.

पहिल्या डबीवर लिहिलं: आई, आंबोली.
खाली: बाप,
आणि पेन तिथेच टेकवून बसले.
आतलं शीत चालत भोकाशी आलं,
एक पाय बाहेर काढून
ओली शाई चाचपू लागलं.
मेघश्याम उरलेल्या मोजत होता,
एकतीस, की तीस,
पुन्हा पहिल्यापासून.