खोलीचं तापमान

प्रोटोकॉलमध्ये लिहिलंय,
तीस मिनिटं, खोलीच्या तापमानाला.
कुणाच्या खोलीच्या, ते लिहिलेलं नाही.
इथे जळगावात, मेच्या तिसऱ्या आठवड्यात,
लॅबची खोली बेचाळीसवर आहे
आणि लाइट एकला गेली ती अजून आलेली नाही.
झिपरूभाऊ माठाचं ओलं गोणपाट काढून
किटच्या थर्माकोलच्या डब्याला गुंडाळतात.
“प्रोटीन बी मानूसनामायकच शे,” म्हणतात,
“उनमा बिथरस.”

सेकंड इयर, इम्युनॉलॉजी, चौथी बॅच.
अर्सलान पिंजारी मोठ्यानं पाठ करतोय:
छातीच्या हाडामागे थायमस नावाची शाळा,
शंभरातले दोन पास.
ज्यांनी आपल्याच माणसावर हात उचलला
ते शाळेतच मरतात, निकाल लागायच्या आत.
ज्यांना कुणीच ओळखू आलं नाही, तेही.
“माझ्या बारावीपेक्षा कडक,” तो म्हणतो.

आपलं कोण, परकं कोण,
हे चोपड्याच्या गाडीत मला रोज विचारतात.
शेजारी बसलेली कुणीही, मांडीवर भाजीची पिशवी,
“कोनी पोर व तू?”
मी नाव सांगते. पुरत नाही.
बापाचं सांगते, गाव सांगते चहार्डी,
मग आईचं माहेर, मग मामाचं दुकान,
तेव्हा कुठे ती सरकून जागा देते.
पेशीही असंच करत असावी.
परीक्षेत मात्र असं लिहायचं नसतं.

लाइट आली चारला.
पेशंटच्या स्लाइडशेजारी एक नॉर्मल लागतो, तुलनेला.
पद्धत अशी की ज्याचा नंबर त्याचं रक्त.
नंबर माझा.
बाही वर केली, अर्सलानला दुसऱ्या टोचणीत शीर सापडली,
सीरम वेगळं काढलं, ऐंशीपट पातळ,
थेंब, थांबा, धुवा, दुसरा थेंब, अंधार, पुन्हा धुवा.

सूक्ष्मदर्शकाची खोली म्हणजे पडदा लावलेलं कपाट,
आत घामाचा वास आणि निळा दिवा.
पेशंटची स्लाइड पेटली. पेटणारच होती.
मग माझी.
काळोख असायला हवा होता.
होतं ते हिरवं, अंधुक, ठिपक्याठिपक्यांचं,
बामणोदचं वांगं भरितासाठी चिरावं
आणि आत बिया दिसाव्यात
तसं एकेक केंद्रक.
मी काच पुसली.
मग चष्मा पुसला.

फिरके मॅडमनी बघितलं, बराच वेळ.
“शंभरातल्या पाच-दहा निरोगी माणसांत दिसतं हे.
नुसती स्लाइड नाही वाचायची, माणूस वाचायचा.
सांधे दुखतात?”
नाही.
“केस गळतात?”
परीक्षा आहे, मॅडम.
“उन्हात गाल लाल होतात?”
मी त्यांच्याकडे पाहिलं.
त्यांचेही लाल होते.
झिपरूभाऊ तर मानेपर्यंत लाल.
मॅडम हसल्या, पण
“सहा महिन्यांनी पुन्हा करू,” हे त्या
हसणं संपल्यावर म्हणाल्या.

जर्नलमध्ये नॉर्मल म्हणून अर्सलान गेला.
त्याची स्लाइड इतकी काळी
की आठवडाभर मिरवेल.

संध्याकाळी उरलेलं सीरम घेऊन झिपरूभाऊ सिंकपाशी उभे.
“टाकी देऊ का, माय?”
मॅडम आतून ओरडल्या, नको, फ्रीझरमध्ये ठेवा,
कमकुवत पॉझिटिव्ह सहज मिळत नाही.
तर मी बारक्या नळ्यांत भरली गेले,
दहा नळ्या, उणे वीस,
जनरेटरच्या भरवशावर.
पुढच्या वर्षी नवी पोरं बाहेर काढतील मला,
डोळे बारीक करून भांडतील,
आहे, नाही, आहे,
आणि डायल्युशन चुकलं की
दोष सॅम्पलला देतील.