वहिफणी

कादंबरी संपली त्या रात्री नळाला पाणी आलं.
पाचव्या दिवसाचं पाणी, पावणेतीन वाजता.
शेवटचं वाक्य अर्धं टाकून मी उठले,
हंडे भरले, पिंप भरलं,
मग येऊन ओल्या बोटांनी पूर्णविराम दिला.
तो अजून थोडा फुगलेलाच आहे.

चारशे एकोणीस पानं.
कारखान्यातल्या एका चादरीत बांधून माळ्यावर टाकली.
त्या चादरीवर एक मोर चुकून मान नसलेला विणला गेलाय,
म्हणून तर ती मला फुकट मिळाली.

पुढे आठ दिवस काही नाही.
म्हणजे बिलं केली, जीएसटी भरला,
कडक भाकरी आमटीत चुरून खाल्ली,
संध्याकाळी तलावाच्या कठड्यावर बसले
तर कठडा अजून दुपारच्या उन्हानं तापलेला.
शकुंतला म्हणाली, आता जरा आराम कर की.
केला.
आरामात रत्नव्वा आली.
विड्या वळणारी, तीनशे चार पानावर मी जिला मारली,
मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, कात्रीचा आवाज तसाच.
म्हणाली, मला मारलंस ते मारलंस,
माझ्या धाकटीचं काय झालं ते कुठं लिहिलंस?

मी तिला उत्तर दिलं नाही.
नव्या पेठेतून दोनशे पानी वही आणली.
ठरवलं होतं, आता वेगळं लिहायचं,
दुसरं गाव, दुसरी माणसं, तेंदूचा वास नको.
पहिल्या पानावर तारीख टाकली.
दुसऱ्या दिवशी ती खोडून नवी टाकली.
तिसऱ्या दिवशी एक वाक्य आलं,
ते रत्नव्वाच्या तोंडचं निघालं. पान फाडलं.
वही एकशे अठ्ठ्याण्णव पानी झाली,
कारण एक फाडलं की जोडीचंही सुटतं.

मागाची उपमा मी कधी देत नाही.
या शहरात कुणी लिहायला बसलं
की दुसऱ्या ओळीत धोटा पळतो.
पण त्या गुरुवारी अकरा नंबरच्या मागाचं बीम संपलं
आणि बिलांवर राजमल्लू बिंगीची सही हवी होती,
म्हणून मी तिथं उभी राहिले. एवढंच.

तो मागाच्या पाठीमागे पाटावर बसलेला.
संपल्या ताण्याची टोकं वहीतून लोंबत होती,
समोर नवं बीम.
बोट राखेत बुडवायचा,
जुनं टोक, नवं टोक, चिमटीत एक पीळ,
पुढचं.
चोवीसशे धागे.
मी विचारलं, जुनं कापून टाकून नवं भरत नाहीत का?
त्यानं वर न बघता सांगितलं,
"मग एकेक वहीतून ओवा, फणीतून काढा. दोन दिवस जातात ओ, डोळे पण जातात.
जुन्याला गाठायचं. त्याला वाट माहीत हाय,
नव्याला तोच ओढून नेतो."
आणि गाठी? चादरीत दिसत नाहीत?
आता मात्र त्यानं माझ्याकडे पाहिलं,
हिला वीस वर्षं कारखान्यात काय कळलं, अशा नजरेनं.
"पहिलं हातभर कापड चादर नसतंच की.
कापायचं. मशीनचं तेल पुसायला."

त्याची वही, माझी वही.
सही न घेताच मी परत आले. दुपारी पुन्हा जावं लागलं.

रात्री रत्नव्वाला म्हटलं, सांग.
तिच्या धाकटीचं नाव यल्लुबाई ठेवलं, मग खोडून सरोजा.
सरोजा तेलंगी शाळेतून नापास होऊन घरी येते,
दाराला कुलूप आहे, किल्ली शेजारी नाही.
वाईट लिहिलंय. गाठी दिसतायत, बोटांना लागतायत.
हातभर झालं.
फाडलं नाही. स्टोव्ह पुसायला लागेल.

दोनच्या सुमाराला नळ खाकरला.
सरोजा कुलपाला हात लावते आणि